डोळ्यांतल्या पाण्याच्या तारखा

बायको आंघोळीला गेली तशी त्याने कपाटातली तिची फाइल काढली आणि एकेक रिपोर्ट उजेडाला धरला. उभा जन्म विजेचे मीटर तपासण्यात गेलेला माणूस. कुणी सील तोडून पुन्हा चिकटवलं असलं तर त्याला लांबूनच कळायचं. इथे एकही पान कमी नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला खटकलं.

थायरॉइडचा कॅन्सर बरा झाला, असं सगळे म्हणत होते. गेल्या जूनमध्ये ऑपरेशन, ऑगस्टमध्ये किरणोत्सारी आयोडीनची गोळी, की संपलं. मग हिच्या डोळ्यांना सतत धार कसली? पहिला रिपोर्ट आला तेव्हाही 'काही विशेष नाही' म्हणाली होती. आताही दुखणं उलटलंय आणि ही ताकास तूर लागू देत नाही, याची त्याला जवळजवळ खात्री होती. खिशातल्या डायरीत तो तारखा टिपून ठेवायचा.

"फोन कुणाचा होता?" ती शिलाई मशीनवर बसल्यावर त्याने विचारलं.

"धाकट्या लेकीचा."

"मग रडत का होतीस?"

"रडत कुठे होते? पाणी येतं नुसतं. माझ्यावर पाळत ठेवण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला."

डॉक्टरबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक सुईने पाणी सोडलं. ते नाकात उतरायला हवं होतं, गालावर ओघळलं.

"अश्रूंची नळी बंद झालीय. थायरॉइडसाठी ती गोळी घेतलेल्या काही जणांना होतं असं, उतारवयात जरा जास्तच. कॅन्सर उलटला असा याचा अर्थ नाही. रिपोर्ट चांगले आहेत."

त्याचा जीव भांड्यात पडला. इतके दिवस आपण उगाच हिच्यावर संशय घेतला, असं वाटून तो ओशाळलाही.

"गोळीनंतरच सुरू झालं ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थांबा, तारखेनिशी सांगतो," म्हणत त्याने डायरी उघडली.

पहिली नोंद मे महिन्यातली होती, गाठीचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. 'सव्वाअकरा, स्वयंपाकघर. कांदा म्हणाली.' मग 'धूळ म्हणाली.' 'झोप झाली नाही म्हणाली.' गोळीच्या आधीच्या अशा सतरा नोंदी निघाल्या. तेव्हा तर नळी उघडी होती. सतरा वेळा त्याने घड्याळ पाहिलं होतं, वेळ लिहिली होती आणि खोलीतून निघून गेला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने मान वर केली. ती भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होती.

"गोळीनंतरच," तो म्हणाला आणि त्याने डायरी मिटली.

"मग छोटंसं ऑपरेशन करू. पाणी पूर्ण थांबेल."

"पूर्ण?" तिने विचारलं. "थोडं राहिलं तरी चालेल हो, डॉक्टर."

डॉक्टरबाई हसल्या. त्याला हसू आलं नाही.