रविवारचा वस्तरा

माणसाची संस्कृती अग्नीपासून सुरू झाली नाही आणि चाकापासून तर नाहीच नाही. ज्या दिवशी एका माणसाने आपला गळा उघडा करून दुसऱ्याच्या हातातल्या पात्यापुढे धरला आणि खुशाल डोळे मिटून घेतले, त्या दिवशी ती सुरू झाली. त्यापुढचा सगळा इतिहास म्हणजे नुसता तपशील.

असं लोइझोसचं मत होतं. गावच्या कॉफीच्या दुकानात त्याने ते इतक्यांदा मांडलं होतं, की ‘उघडा गळा’ आला की पत्ते खेळणारे एकेक कॉफी मागवत. भाषणाचा उरलेला भाग आणि एक कॉफी बरोबर एकाच वेळी संपतात, हा सर्वांचा अनुभव होता.

खुद्द लोइझोसची दाढी मात्र विजेच्या मशीनने होई.

हे मशीन मोरीतल्या फळीवर, ऑलिव्ह तेलाच्या डब्यांमागे, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या पेटीत राहत असे. सकाळी दार लावायचं, नळ पूर्ण सोडायचा, आणि पाण्याच्या आवाजाखाली ते गुणगुणत गालांवरून फिरवायचं. तरुणपणी एकदा लोइझोसने वस्तरा स्वतःच्या गालाला लावला होता. कानाच्या पाळीवर रक्ताचा एक थेंब आला, तो त्याने आरशात पाहिला, आणि पुढचं त्याला आठवत नाही. तेव्हापासून वस्तऱ्यावर प्रेम करायचं, पण लांबून, असं त्याने ठरवलं. मशीनची गोष्ट आपल्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, याबद्दल त्याची खात्री होती. बायको मिरोफोरा इतकी वर्षं रोज सकाळी नळाखाली भुंगा ऐकत होती, आणि या विषयावर तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

पण प्रेम खरं होतं. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर लोइझोसने बेटावरचे बाजार, अडगळीच्या खोल्या आणि मेलेल्या न्हाव्यांचे खण धुंडाळून वस्तरे गोळा केले. गंजलेले, खांडं पडलेले, मूठ हरवलेले. गंज तो इतक्या हलक्या हाताने काढायचा, की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरून माशी हाकलतोय. मुठी कॅरोबच्या लाकडातून स्वतः कोरायचा. मग पिवळ्या दगडावर पाणी शिंपडून धार लावायची, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर घासायची, आणि परीक्षा स्वतःच्या डाव्या हातावर. पाठ वर करून पातं केसांवरून नुसतं तरंगवलं तरी केस उडायचे. त्यामुळे त्याचा उजवा हात अस्वलाचा होता आणि डावा हात संगमरवरी पुतळ्याचा. मांजर उन्हात त्याच्या उजव्या बाजूलाच बसे.

संग्रहातलं दैवत म्हणजे मखमली पेटीतला सात वस्तऱ्यांचा संच. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक, आणि त्या त्या वाराचं नाव पात्याच्या पाठीवर कोरलेलं. गावच्या जुन्या न्हाव्याने तो घरी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून घेतला होता. अडचण एवढीच, की गाव दाढी करी फक्त रविवारी, चर्चच्या घंटेआधी. आणि न्हावी तत्त्वाचा माणूस होता. रविवारी मंगळवारचा वस्तरा वापरणं म्हणजे त्याला कॅलेंडरशी प्रतारणा वाटे. त्यामुळे सहा वस्तरे कोरे करकरीत राहिले, आणि रविवारचा असा झिजला की आडवा धरला तर दिसे आणि उभा धरला तर नाहीसा होई. वर त्याला एक खांड पडलं होतं. जरा दाब जास्त पडला असता तर पातं दगडावरच संपलं असतं.

लोइझोसने अख्खा हिवाळा त्यावर घालवला. खांड गेलं. धार अशी लागली, की वरून सोडलेला केस तिच्यावर पडून दोन केस होऊन खाली जाई. त्या आनंदात वस्तरा घेऊन तो कॉफीच्या दुकानात गेला आणि संस्कृतीचं भाषण सुरुवातीपासून केलं. हे चुकलं, कारण त्या दिवशी मिरोफोराच्या बहिणीचा मुलगा झेनॉन शहरातून आलेला होता आणि त्याने ते पहिल्यांदाच ऐकलं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काका,” तो उभा राहून म्हणाला, “ऑक्टोबरात माझं लग्न. नवरदेवाची दाढी तुम्ही करायची. याच वस्तऱ्याने.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावच्या प्रत्येक लग्नात व्हायोलिन वाजवणाऱ्या हाम्बिसने विचारलं, आणि गळा?

“गळा उघडा,” झेनॉन म्हणाला.

लोइझोस हसला. काट्यावर बसलेल्या माणसाचा कोणी फोटो काढत असेल तर तो असा हसतो.

आमच्या गावात नवरदेवाची दाढी म्हणजे चर्चमधल्या लग्नाइतकीच मोठी गोष्ट. अंगणात खुर्ची, व्हायोलिन, धूप, सगळं गोत भोवती. नाही म्हणावं तर वस्तऱ्यांची सगळी अब्रू जाते, आणि हो म्हणावं तर भाच्याचा कान. लोइझोसने आठवडाभर विचार केला. त्याला कान थोडा स्वस्त वाटला.

सराव आधी स्वतःवर करायचा ठरला. फेस लावून तो आरशासमोर उभा राहिला. वस्तरा गालाच्या जवळ आला की हात आपोआप स्वतंत्र विचार करू लागे. फेस वाळला, पुन्हा लावला, पुन्हा वाळला. शेवटी त्याने तोंड धुतलं आणि नळ सोडला.

मग त्याची नजर अळकुड्यांवर गेली. सोतिरा गावच्या, नुकत्याच काढलेल्या, एकेक नारळाएवढी आणि बाजूने राकट केसांची. आकार हनुवटीचा, दाढी तीन दिवसांची. लिंबाच्या झाडाखाली त्याने एक अळकुडी खुर्चीवर बसवली, टॉवेल गुंडाळला, ब्रशने छान फेस काढला आणि बुधवारचा वस्तरा हाती घेतला. पहिल्या अळकुडीचा गाल गेला. दुसरीचा गळा. तिसरी जरा ओळखू येण्यासारखी उरली.

तेवढ्यात मिरोफोरा बाहेर आली. नवरा भाजीची दाढी करतोय, याचं तिला काही वाटलं नाही. तिचं लक्ष फेसाकडे होतं.

“लोइझोस. अळकुडीला पाणी लावलंस?”

पाणी लागलेली अळकुडी बुळबुळीत होते, शिजवली तरी घशाखाली उतरत नाही. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी हे शिकतं. लोइझोसने खाली मान घालून कबुली दिली. साबणही लावला, असं तो म्हणाला.  मग मिरोफोराने सांगितलं, की माझ्या आईने तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ती म्हणाली होती, मुलगा सरकारी आहे, पण त्याला स्वयंपाकघराजवळ फिरकू देऊ नकोस. मात्र दुसऱ्या दिवशी बाजारातून आणखी एक पोतं आलं. त्या महिन्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लक्षात आलं, की लोइझोसच्या घरच्या अळकुड्या फार गुळगुळीत असतात आणि त्या घरात कोणी खात नाही.

हात हळूहळू बसत गेला. अळकुडीला बोलता येत नाही, रक्त येत नाही, आणि तिचं लग्न नसतं, हे तिन्ही गुण शिकणाऱ्याला मानवणारे आहेत.

लग्नाच्या आदल्या दिवशी झेनॉन भेटायला आला. लिंबाखाली अळकुड्यांची रांग लावलेली होती, डावीकडून उजवीकडे, प्रगतीच्या क्रमाने. तो डाव्या टोकाला थबकला. पहिलीकडे बघत त्याने विचारलं, हे काय आहे?

“तुझे भाऊबंद,” मिरोफोरा म्हणाली.

झेनॉनने नकळत आपल्या गळ्याला हात लावला. मग मावशीशी जरा बोलायचंय म्हणून तो आत गेला, तो बराच वेळ आतच होता. निघताना काकांना मिठी मारून म्हणाला, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्याचा आवाज जरा चिरका लागला, पण लग्नाच्या आदल्या दिवशी कोणाचाही लागतो.

रविवारी सकाळी लोइझोसने बिस्किटांची पेटी उघडली. आत मशीन नव्हतं. तेलाचे डबे हलवून झाले, कपाटं झाली. बायकोला विचारावं, तर काय विचारावं? जी वस्तू घरात नाहीच, ती हरवली म्हणून बोंब मारता येत नाही. शेवटी तो तशाच खुंटांनिशी, चांगला कोट घालून, मखमली पेटी बगलेत मारून निघाला.

अंगणात सगळं गाव होतं. हाम्बिसने व्हायोलिनवर कमान टेकवून त्याच्या गालांकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, न्हाव्याची दाढी कोण करणार?

“आज पहिला मान नवरदेवाचा,” लोइझोस गंभीरपणे म्हणाला. बायकांच्या घोळक्यातून कौतुकाचा हुंकार आला.

झेनॉन घरातून बाहेर आला तो तोंडाला फेस लावूनच. मावशीने लावून दिला म्हणे. लोइझोसला बरं वाटलं, एक काम वाचलं. कोणीतरी ऑलिव्हच्या पानांचा धूप तीनदा नवरदेवाभोवती ओवाळला. आईने लाल रुमाल त्याच्या कमरेला गुंडाळून पुन्हा सोडला. व्हायोलिन सुरू झालं. झेनॉन खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी खुर्ची पकडली, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. गळा उघडा.

लोइझोसने रविवारचा वस्तरा उघडला. पातं उन्हात नाहीसं झालं. आणि समोरची हनुवटी अळकुडीची नाही, ती हलतेय, हे त्याला दिसलं. तिच्यावर एक शीर उडत होती.  त्या क्षणी त्याने आयुष्यातली सर्वात व्यवहारी गोष्ट केली. टॉवेल नीट करण्याच्या निमित्ताने वस्तरा बोटांत फिरवला, आणि धार आकाशाकडे, पाठ गालाकडे केली. पाठीने कोणी कापत नाही. फेस तर निघेल. गाव तर लांबूनच बघतंय.

त्याने पाठ गालावर ठेवली आणि रविवारची अक्षरं कानापासून हनुवटीपर्यंत अलगद उतरवली. फेस निघाला. खाली गाल अंड्यासारखा गुळगुळीत होता.

लोइझोसने पापण्या मिटल्या, उघडल्या. दुसरा पट्टा काढला. तोही गुळगुळीत. डावा गाल, वरचा ओठ, सगळीकडे तेच. पाठीने. आता या गोष्टीचा एकच अर्थ होऊ शकत होता, आणि तो त्याने क्षणात मान्य केला: अख्ख्या हिवाळ्यात धारेवर घेतलेली मेहनत पोलादात झिरपून पलीकडच्या पाठीपर्यंत गेली होती. हात आता ठाम झाला. तो आपल्या मानेला थोडे झोकेही देऊ लागला, व्हायोलिनच्या तालावर. गाव बघत राहिलं.

मग वस्तरा हनुवटीखाली आला. फेस निघाला, आणि दाढी राहिली. नाण्याएवढा काळा ठिपका, नेमका गळ्यावर. त्याने पुन्हा पाठ फिरवली. ठिपका तसाच.

“राहिलंय तिथे,” नवरीची आजी काठीने दाखवत म्हणाली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि ती त्याचा पुरेपूर उपयोग करत होती.

व्हायोलिन थांबलं. सगळे एक पाऊल पुढे आले.  सबंध घोळक्यातून लोइझोसला फक्त मिरोफोरा दिसली. ती अगदी जवळ आली, जणू टॉवेलच नीट करायचाय, आणि त्याच्या कानाशी म्हणाली, “अळकुडी समज. पाणी लावलेली.”

त्याने वस्तरा फिरवला. पाठ आकाशाकडे, धार गळ्याकडे.

झेनॉनचा एक डोळा उघडला. “काका, कायतरी बदललं.”

“डोळा मीट.”

त्याने डाव्या हाताने कातडी ताणली आणि धार टेकवली. दाब दिला नाही, नुसतं जाऊ दिलं. आणि वस्तरा गायला लागला. पातळ पात्यातून एक बारीक, चांदीसारखा स्वर निघाला. हे पातं नीट लागलं की गातं, असं लोइझोसने हजारदा लोकांना सांगितलं होतं, पण खऱ्या गळ्यावर स्वतः कधी ऐकलं नव्हतं. हाम्बिसने मान तिरकी केली, कमान उचलली आणि अगदी हलकेच तोच स्वर व्हायोलिनवर धरला. एक पट्टा, दुसरा, एक छोटासा तिरका. लोइझोसने टॉवेलने पुसलं. ठिपका नव्हता. रक्त नव्हतं. तो अजून उभा होता, याचंही त्याला जरा नवल वाटलं.

आजीने वाकून बघितलं आणि काठी जमिनीवर आपटली. त्यासरशी अंगणात जल्लोष उसळला. व्हायोलिन सुटलं, झिवानिया दारूचे पेले फिरले, झेनॉनच्या आईने रडत लोइझोसच्या खरखरीत गालाचा मुका घेतला. लोइझोस नाचला. उघडा वस्तरा डोक्यावर धरून तो असा नाचला, की त्याच्याभोवती लगेच भरपूर मोकळी जागा झाली. पुढच्या रविवारी माझी, असं तिघाचौघांनी तिथल्या तिथे बजावलं. लांबून ज्याच्यावर प्रेम केलं, त्याने आज जवळ येऊन गाणं म्हटलं होतं. छातीत एवढा आनंद मावत नव्हता, आणि असा आनंद बाहेर काढायचा एकच मार्ग त्याला माहीत होता. तो खुर्चीवर चढला. हाम्बिसने कमान खाली घेतली. लोकांनी सवयीने कॉफीसाठी इकडेतिकडे पाहिलं.

“माणसाची संस्कृती,” लोइझोस म्हणाला, “अग्नीपासून सुरू झाली नाही.”

कोणीतरी त्याच्या कोटाची बाही ओढत होतं. झेनॉन होता. गळा पुसत, चेहरा उजळलेला. लोइझोसने खाली वाकून कान दिला.

“काका,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या मशीनचा चार्जर तेवढा द्याल का? सकाळी हनुवटीखाली आलो, आणि बॅटरीच गेली.”