मोज्याखालची बोटं

करवत प्लास्टरला टेकली आणि पांढरी भुकटी सासूबाईंच्या मांडीवर उडाली.

"घाबरू नका आजी, चामडी कापत नाही ही," प्लास्टर काढणारा म्हणाला.

"काप रे बाबा. सहा आठवडे झाले, खाजवायलाही मिळालं नाही."

त्याने चिरलेले दोन्ही भाग फाकवले आणि वास आला. ओलं फडकं डब्यात कोंडून विसरावं, तसा. मनगट काडीसारखं झालेलं, वर पिवळट सालपटं. बोटं मात्र सुजून तुकतुकीत, एकमेकांना चिकटल्यासारखी. सुनेने श्वास रोखला. तिचा नवरा "फोन आलाय" म्हणत नाकाला रुमाल लावून बाहेर सटकला. फोन वाजलाच नव्हता.

"आता मूठ मिटा."

सासूबाईंनी दात आवळले, डोळे मिटले, सगळं मिटलं. मूठ तेवढी मिटली नाही.

"हाड छान जुळलंय. पण बोटांचं काय केलंत? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दर तासाला मूठ उघडायची, मिटायची. काम काय करता?"

"शिवणकाम. शाळेचे गणवेश."

"या बोटांत कात्री जायची नाही, आजी."

त्याने चिमट्याने दोन बोटांच्या बेचक्यातून काहीतरी ओढलं. निळ्या लोकरीचा तंतू, घामाने चिकट झालेला.

"वरून काही घातलं होतं का?"

सुनेने तो तंतू ओळखला. प्लास्टरच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने ताट सरकवलं होतं. "आई, ती काळीनिळी बोटं झाक गं. घास उतरत नाही." लेकीचा लोकरी मोजा सुनेनेच शोधून आणला, ताणून चढवला, आणि हिलाही हायसं वाटलं. मग आज इथे येईपर्यंत मोजा निघालाच नाही. घासही हीच भरवायची, तोंड जरा वळवून. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी.

"मला थंडी वाजायची," सासूबाई म्हणाल्या. "मीच मोजा घातला. माझाच हट्ट."

प्लास्टर काढणाऱ्याने गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग कपाळावरचा घाम पुसला.

"मी घातला," सून म्हणाली. "बघवत नव्हतं म्हणून."

"गप गं. तुला कुणी विचारलंय?"

"नाही, आई. मीच."

प्लास्टर काढणारा सुनेकडे वळला. "आता बघावं लागेल. हात कोमट पाण्यात ठेवायचा, मग एकेक सांधा हळूहळू वाकवायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. जोर करायचा नाही. महिने लागतील. आणि पहिल्यासारखं होईलच, असं मी सांगत नाही. या, आत्ताच दाखवतो."

सुनेने सासूबाईंचा हात हातात घेतला. एक सालपट सुटून तिच्या तळव्याला चिकटलं. उमासा गळ्यापर्यंत आला. तिने तो गिळला आणि प्लास्टर काढणारा दाखवत होता तसं पहिलं बोट वाकवलं. केसभर.

"आई गं!" सासूबाई कळवळल्या. मग सुनेच्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "राहू दे. ओकशील."

"ओकेन. मग पुन्हा धरेन."

दार किलकिलं झालं. नवरा डोकावला, रुमाल अजून नाकावरच.

"झालं का? निघायचं?"

तिने वर पाहिलं नाही.

"आत ये," ती म्हणाली. "पुढचं बोट तू धर."