गोयी घ्या वं

अपडेट करा, अपडेट करा म्हणून तो लॅपटॉप संघदीपच्या हात धुऊन मागं लागला होता. शेवटी वैतागून त्यानं 'हो' दाबलं आणि नसती आफत घरावर ओढवून घेतली.

संघदीपचं मेडशीच्या बसस्टॉपजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याची आई रत्नमाला हिचा आवाज घशाच्या ऑपरेशनात जाणार हे कळलं, तेव्हाच त्यानं जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून फुकटात मिळणारं बोलतं पॅकेज बसवलं. आईनं टाइप करायचं, यंत्रानं बोलायचं. पण आई लिहिणार शाळेत शिकवलं तसं शुद्ध, आणि यंत्रही वाचणार तसंच. म्हणून पोरानं त्या पॅकेजच्या उच्चारांच्या फाइलीत घरची बोली घातली. 'गोळी' लिहिलं की 'गोयी' म्हणायचं, 'आत्याबाई'चं 'आतेबाई', 'घ्या'च्या मागं 'वं'. हा खटाटोप भागिरथाआजीसाठी. रत्नमालाच्या या सासूची नजर केव्हाच गेलेली. सून ओळखायची ती बोलण्यावरूनच.

अपडेट झालं त्या सकाळी यंत्र म्हणालं, "आत्याबाई, गोळी घ्या."

"हे कोन मास्तरीन आली वं घरात?" आजी दचकली. "रत्नमाला कुठी हाय?"

रत्नमालानं तिचा हात धरला. आजीनं झटकून टाकला. "हात कोनाचाबी असते! संघ्या, खरं सांग. गेली न माही सून? माह्यापासून लपवून राह्यले तुमी!"

संघदीपनं शपथा घेतल्या, विनवण्या केल्या. छे! म्हातारीनं तोंडच मिटून घेतलं. बीपीची गोळी नाही की भाकरीचा तुकडा नाही.

दुकान बंद ठेवून तो लॅपटॉपला भिडला. आधी स्पीकर पाहिला, मग आवाजाच्या सेटिंग. तिथं काही नव्हतं. मग अपडेटची नोंद उघडली, तर ढीगभर पॅकेजं बदललेली! एकेक करून तो जुनं परत आणत गेला, आणि दर वेळी आईला टाइप करायला लावत गेला. दर वेळी तीच मास्तरीण बोले. शेवटी बोलतं पॅकेजही जुन्या आवृत्तीवर मागं नेलं. यंत्र थंडपणे म्हणालं, "गोळी घ्या."

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. पॅकेज बसताना आपली कोरी फाइल घेऊन येतं आणि आधीची पुसतं. आणि या शहाण्यानं घरची बोली नेमकी तिच्यातच ठेवली होती. दुसरीकडं कॉपी ठेवावी, तर नाव नको!

आता पुन्हा घालायची, पण काय काय होतं? ऑपरेशनाआधी आवाज होता तेव्हा त्यानं आईला समोर बसवून एकेक शब्द विचारून घेतला होता. आता तिचे नुसते ओठ हलत होते. तो आजीच्या खाटेशी गेला.

"आजी, आई तुले गोयी देताना कशी म्हने?"

"गेलेल्या मानसाची नक्कल करायले लावतं काय बे?" आजी कडाडली. आणि मग तिचं तिलाच राहवलं नाही. "'आतेबाई वं, गोयी घेऊन घ्या नं वं. किती पाया पडू तुमच्या!' अशी म्हने माही बाई." ती हमसून हमसून रडायला लागली.

दारात रत्नमाला उभी होती. आपलाच आवाज, तोच हेल, सासूच्या तोंडून ऐकून तिनं पदर तोंडात कोंबला. कोंबायची गरज नव्हती, तसाही आवाज निघणार नव्हता.

संघदीपनं तेवढी ओळ घातली. रत्नमालानं टाइप केलं.

"आतेबाई वं, गोयी घेऊन घ्या नं वं."

आजीनं लुगड्याच्या पदरानं नाक पुसलं.

"फुकटची रडली न वं मी," ती म्हणाली, आणि तळहात पुढं केला.