रांगेतला इंग्रज

आखातात लढाई सुरू झाली त्या आठवड्यात कंपनीचे इंग्रज साहेब क्षेपणास्त्रांच्या भीतीने गाड्या भरून रियाधहून जिद्दाला निघून गेले. त्यांच्या मेसचे आचारीही घरी पळाले. मागे राहिले एकटे अल्बर्ट क्लेग. वय त्रेसष्ट, काम पंपांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. पण खरे ते कादंबरीकार. चार कादंबऱ्या छापून आलेल्या, चारही खाणकामगारांवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातात थाळी घेऊन ते कामगारांच्या मेसमध्ये आले. मेस सांभाळणारा म्हसळ्याचा उस्मान गडबडलाच. त्याने घाईघाईने कोपऱ्यात वेगळं टेबल मांडून वर स्वच्छ चादर घातली. क्लेगनी चादरीची घडी करून त्याच्या हातात दिली आणि ते रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

फिटर गुणाजी हे बघत होता. गिरणी संपात त्याची मुंबईची नोकरी गेली होती. तेव्हापासून कोणी कामगारांचा कळवळा दाखवला की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

"असले पुष्कळ बघितले," तो उस्मानला म्हणाला. "भाषण संपलं की गाडीत बसून जायचे. आम्ही आपले तिथेच."

"अरे, हा कुठे भाषण करतोय? आमटी मागतोय!"

जेवणं आटोपल्यावर गुणाजीने भाताचा करपलेला टोप मुद्दाम क्लेगसमोर ठेवला. "काका, आज तुम्ही घासायचा."

क्लेगनी बाह्या वर सारल्या. तासभर ते टोप घासत होते आणि मोडक्या हिंदीत बोलत होते. चौदाव्या वर्षी बापाबरोबर खाणीत उतरले. पुढे वर्तमानपत्रात चिकटले. मालक म्हणाला, संपवाल्यांविरुद्ध लिही. त्यांनी टोपी उचलली आणि बाहेर पडले.

"सगळ्यांच्या घामाचं पीक सगळ्यांच्या ताटात यावं," ते म्हणाले. "माझा समाजवाद एवढाच. लिहायला मात्र चारशे पानं लागली."

"मग साहेबांबरोबर का नाही गेलात?"

"तुम्हाला कुणी गाडी दिली?"

गुणाजीने मान हलवली. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या अरब मालकाकडे अडकलेले, गाडी कुठली?

"मग मी एकटा कसा बसू?"

 गुणाजी टोप विसळायला खाली बसला.

शुक्रवारी क्लेगनी स्वयंपाकाचा हट्ट धरला. संपाच्या दिवसांत त्यांची आई सगळ्या गल्लीसाठी मटण, बटाटे आणि वाटाणे एकत्र शिजवायची, तेच त्यांनी केलं. पहिला घास घेऊन चाळीस माणसं एकमेकांकडे बघू लागली. उस्मानने हळूच मीठ पुढे सरकवलं.

"आईंची माफी मागून," म्हणत गुणाजीने घरून आलेला मसाला काढला, लसणीची चरचरीत फोडणी दिली आणि हंडी ढवळली. वास बाहेर गेला आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

सगळे विषारी वायू आत येऊ नये म्हणून फटींना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीकडे धावले. क्लेग मात्र उलटे फिरले. "हंडी! हंडी राहिली!" गुणाजीने एक कान धरला, त्यांनी दुसरा. दोघं हंडीसकट आत शिरले आणि दार बंद झालं.

बाहेर काहीच पडलं नाही. आत मात्र हंडीचा तळ दिसेपर्यंत कुणी उठलं नाही. क्लेगच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, उचकी थांबत नव्हती, तरी थाळी पुढेच. "यल्ला, चला, अजून वाढा!" हसून हसून उस्मानचं पोट दुखायला लागलं.

धोका निवळल्याचा भोंगा झाला, तरी गुणाजी जागचा हलला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो आपल्या संपाबद्दल बोलू लागला. मोर्चे, लाठ्या, गिरणीतला बंद झालेला खाता. क्लेगनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "लिहू?"

"लिहा. पण पुढाऱ्यांपासून सुरू करू नका," गुणाजी म्हणाला. "माझ्या बायकोपासून करा. शेवंता. दीड वर्ष तिने दारोदार सुकट विकून घर चालवलं."

"सुकट म्हणजे?"

गुणाजी खुशीत येऊन त्यांच्या शेजारी सरकला आणि बोटांनी मापं दाखवत समजावू लागला.