नऊजणांची पंगत

वर्तमानपत्रवाल्यांना संसार करायचा नसतो. म्हणूनच ते पानाच्या एका अंगाला सुडोकू छापतात आणि दुसऱ्या अंगाला शब्दकोडं. बिबवेवाडीतल्या कांताबाईंच्या घरी या एका पानावरून रोज सकाळी जुंपायची. त्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, तर नवरा कचरूराव सरकारी लेखा विभागातून. शब्दकोडं कांताबाईंचं, सुडोकू कचरूरावांचं. कचरूराव पेन असं दाबून चालवायचे, की त्यांचे आकडे मागच्या बाजूने कांताबाईंच्या शब्दांत टेंगळांसारखे उठायचे.

“अहो, तुमच्या कोड्यात ना रस ना वास,” कांताबाई म्हणायच्या. “पापड मोजायचं काम ते! शब्दाला माणूस चिकटलेला असतो, आठवण चिकटलेली असते. मेंदूला खरा व्यायाम तो.”

“कमळ, तीन अक्षरी. पंकज,” कचरूराव म्हणायचे. “झाला व्यायाम? घाम पूस आता.”

वाघोलीला राहणारी त्यांची आयटीतली लेक निकिता फोनवर दोघांचंही ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “दोन्ही ब्रेनसाठी सेमच आहे. मला मीटिंग आहे, ठेवते.”

मग काचबिंदूने कचरूरावांची नजर नेली. आधी कडेकडेने, मग पुरती. गेलेली दृष्टी परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हापासून कचरूराव भिंतीकडे तोंड करून कॉटवर बसू लागले. जेवता का, तर हो. फिरायला येता का, तर नको. जुने सहकारी भेटायला आले की, “मी आता कशात नाही,” एवढंच बोलायचे.

कांताबाईंना धडकी भरली. न दिसण्याची सवय होईल, दोघांनाही होईल, हे त्यांना कळत होतं. पण माणूसच आतल्या आत उठून चालू लागला, तर त्याला शोधायला कुठे जायचं? त्यांनी शब्दकोडं वाचून दाखवून पाहिलं. “तुझे शब्द तुझ्याजवळ ठेव,” असं उत्तर आलं. सुडोकू वाचून दाखवावं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. ते डोळ्यांनीच सोडवायचं असतं, असं सगळं जग धरून चालतं.

एका दुपारी कोरं पडलेलं ते पान बघून त्यांना राग आला. कुणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या पेन्सिल घेऊन स्वतःच सुडोकूला बसल्या. जन्मभर वर्गात बोललेल्या बाई त्या, मनातल्या मनात त्यांना काही जमेना.

“पहिली ओळ. पाच, रिकामं, रिकामं, आठ...” असं करत सगळ्या ओळी मोठ्याने वाचून झाल्या. तरी काही उमगेना. “चौथ्या ओळीच्या शेवटी सहा लिहू का?” त्यांनी स्वतःलाच विचारलं.

“तिथे सहा नाही बसणार,” कॉटवरून आवाज आला. “तो वर दुसऱ्या ओळीच्या शेवटी बसलाय. तिथे दोन लिही.”

कांताबाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. बरोबर होतं.

“पुन्हा वाच. सगळं. सावकाश.”

त्यांनी वाचलं. ऐकता ऐकता कचरूरावांना झोप लागली असेल, असं म्हणून त्या उठणार, तोच ते बोलू लागले. ही ओळ, ते घर, हा आकडा. त्या लिहीत गेल्या. शिक्षिकेचा स्वभाव, त्यांनी मध्येच एक ओळ मुद्दाम चुकीची वाचली.

“चार?” ते लगेच म्हणाले. “चार मघाशी कोपऱ्यात बसला. कशाला उठवतेस त्याला?”

कांताबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या एवढ्याशा कपाळामागे एक्क्याऐंशी घरं जशीच्या तशी उभी होती!

“अहो, एवढे आकडे लक्षात राहतात तरी कसे?”

कचरूराव हसले. कितीतरी दिवसांनी हसले. “आकडे कुठले गं! माणसं राहतात. पुण्याला शिकायला आलो, तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत आम्ही नऊजण होतो. जसा जो आला तसा त्याचा नंबर. एक दशरथ. दोन हिंदुराव. पाच साईनाथ, भाताचा राक्षस. या नऊ ओळी म्हणजे नऊ पंगती. प्रत्येक पंगतीत प्रत्येकाला एकदा बसवायचं, कुणी उपाशी राहता कामा नये. मी सुडोकू असंच सोडवतो. कायम.”

कांताबाई बघतच राहिल्या. ज्याला त्या पापड मोजणं म्हणत आल्या, तिथे हा माणूस रोज सकाळी मित्रांना जेवू घालत होता. शेजारी बसून त्यांना कधी पत्ता लागला नव्हता. आपण याला ओळखतो, असं कुठल्या तोंडावर म्हणायचं? त्यांना नवऱ्याचं अपार नवल वाटलं, आणि त्या नवलात थोडी भीतीही होती.

“थांबू नकोस,” ते म्हणाले. “तिसऱ्या पंगतीत हिंदुराव ताटकळलाय.”

हिंदुराव बसला. साईनाथ बसला. कचरूराव हातवारे करून जागा दाखवू लागले, आणि भिंतीकडचं तोंड त्यांनी कधी इकडे वळवलं, ते दोघांनाही कळलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, चहाची वेळ टळली.

“एकच घर उरलं,” कांताबाई म्हणाल्या. “सातवी ओळ, मधलं. नऊ राहिलाय.”

कचरूरावांचे हातवारे थांबले. तेव्हा कांताबाईंच्या ध्यानात आलं, की मित्रांची गोष्ट सांगितल्यापासून बाकी सगळ्यांना त्यांनी नावाने बसवलं होतं, नऊला मात्र नुसतं नऊच म्हटलं होतं.

“अहो, नऊ कोण?”

“सगळ्यांत शेवटी आलेला,” ते म्हणाले. त्यांचा हात चाचपडत आला आणि कांताबाईंच्या मनगटावर थांबला. “मी. बसव मला, कांता.”

कांताबाईंचे डोळे असे भरून आले, की त्यांना ते घर धड दिसेना. त्यांनी पेन्सिल कचरूरावांच्या हातात दिली, हाताला धरून तिचं टोक त्या घरावर टेकवलं आणि आपला हात काढून घेतला.

नऊ कचरूरावांनी स्वतः लिहिला.