दोन मिनिटं जास्त

चहाच्या कंपनीत त्यांना सगळे जीभसाहेब म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण इतक्या मोठ्याने की त्यांना ऐकू जाई, आणि आवडेही. अडतीस वर्षं ते रोज पांढऱ्या कपांच्या रांगेपुढून चालत आले होते. चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि नेम धरून पिकदाणीत टाकायचा. गिळायचा नाही. दिवसाला दोनशे कपांची चव घेणारा माणूस गिळायला लागला तर आठवड्यात आडवा होईल.

ही सवय अंगात इतकी मुरली की घरीही त्यांनी कधी चहा गिळला नाही. बायको कप पुढे करी. हे सिंकपाशी उभे राहून घोट घोळवत, थुंकत आणि निकाल देत. "अहो, एक घोट तरी पोटात जाऊ द्या," असं ती अधूनमधून म्हणे. ते हसण्यावारी नेत.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांनी असाच घोट सिंकमध्ये टाकला, "दोन मिनिटं जास्त मुरलाय," एवढं म्हणाले आणि कामावर गेले. दुपारी फोन आला. ते घरी पोचले तोवर बायको गेलेली होती.

तेव्हापासून तो चहा त्यांच्या तोंडातून गेला नव्हता. संत्रं खाल्लं तरी तोच, मीठ चाटलं तरी तोच, दात घासून चूळ भरली तरी पुन्हा तोच, कोमट आणि तुरट. सकाळी डोळे उघडण्याआधी ती चव जागी झालेली असे. डॉक्टरांनी बॅटरी मारून जीभ पाहिली आणि ठणठणीत आहे म्हणाले. जीभसाहेबांना मात्र कारण ठाऊक होतं. बायको रागावली होती. अख्खं घर मोकळं असताना ती येऊन बसली होती नेमकी त्यांच्या जिभेवर. त्यांना तिची भीती वाटू लागली होती, आणि जिच्याशी आयुष्यभर संसार केला तिची भीती वाटावी याची लाजही.

कंपनीत ते चहाचा रंग बघून, पानं चुरगळून वेळ मारून नेत. पण मागच्या महिन्यात त्यांनी बुरशी लागलेल्या मालाची अख्खी खेप पास केली. मालक सज्जन. ते ओरडले नाहीत, पंधरा दिवस विश्रांती घ्या म्हणाले. सोमवारी परत जाऊन त्यांच्यासमोर बारा कप ओळखायचे होते. नाही ओळखले तर पुढची विश्रांती कायमची.

सोमवारची गोष्ट नातीला कळली. जवळच राहणारी चौदा वर्षांची ही नात दिवसभर काही ना काही कुरतडत असे, म्हणून सगळे तिला खार म्हणत. आजोबांचा सराव घ्यायचा असं तिने परस्पर ठरवलं आणि शनिवारी दुपारी त्यांना कोपऱ्यावरच्या बबल टीच्या दुकानात नेऊन बसवलं. भिंतीवर चाळीसेक चवींची यादी होती. चहात आंबा, चहात तीळ, चहात गुलाब. ज्या माणसाने दुधालाही कधी धड माफ केलं नव्हतं त्याला हे सगळं वाचून घेरीच यायची.

खारीने पाच कप मागवले, स्वतःचा रुमाल त्यांच्या डोळ्यांवर बांधला आणि कपावरच्या ताणलेल्या प्लास्टिकमध्ये अंगठ्याएवढी जाड नळी खुपसली. जीभसाहेबांनी सवयीने सुर्रकन ओढलं. थंड चहाबरोबर काहीतरी बुळबुळीत सुसाट आलं आणि टाळूवर आपटलं. सवयीने त्यांनी एक रिकामा कप हाताशी मागून घेतला होता, दचकून सगळं त्यात थुंकलं. ते साबुदाण्याचे मोठे मणी असतात, खारीने समजावलं, आणि चव कसली ते विचारलं.

चहाची, ते म्हणाले. तो गुलाब होता. दुसरा कपही त्यांना चहाच लागला, तो तीळ होता. तिसऱ्यालाही त्यांनी चहाच म्हटलं तेव्हा खारीने तो कप बाजूला सरकवला. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं होतं. म्हातारा घोट घेतो आणि थुंकतो, हा प्रकार तिथे कोणी पाहिलेला नसावा.

रुमालाआडून बोलणं सोपं गेलं. "मला दुसरी चवच येत नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या आजीचा त्या दिवशीचा चहा येतो. ती रागावून गेली."

खार नळी कुरतडायची थांबली. मग म्हणाली, "मी होते तिथे, आजोबा. त्या सकाळी मी तुमच्याकडेच होते ना. तुम्ही गेल्यावर तुमचा कप आजीने पिऊन टाकला. म्हणाली, खरंच जास्त मुरलाय, उद्या दोन मिनिटं लवकर गाळते." तिने चौथा कप त्यांच्या हातात दिला. "रागावली वगैरे नव्हती. आणि हा थुंकायचा नसतो. चावायचा आणि गिळायचा."

उद्या. जीभसाहेबांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हटला. मग नळीतून ओढलं, मणी दाताखाली धरले, चावले, आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा चहा गिळला. चहा कसा गिळायचा हे गळा विसरूनच गेला होता. त्या घोटाबरोबर तुरटपणाही खाली उतरला. छातीपर्यंत जाताना तो त्यांना कळला, मग कळेनासा झाला.

"आंबा," ते म्हणाले.

पाचवा कप त्यांनी ओठाला लावला आणि जळकी साखर, साईचं दूध, चहा तीन मिनिटं मुरलेला, असं एका दमात सांगितलं. खारीने टाळी वाजवली. सोमवारची काळजी मिटली होती. रुमाल सोडला तेव्हा तो ओला होता. ते जीभ दातांच्या मागे फिरवत होते, गालांच्या आत फिरवत होते. कुठेच काही नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पाणी उकळलं, तिचीच किटली घेतली, तिच्याच डब्यातली पत्ती टाकली आणि घड्याळ लावून दोन मिनिटं जास्त थांबले. कप घेऊन तिच्या खुर्चीसमोर बसले. पहिला घोट घेतला. नुसता जास्त मुरलेला चहा होता, कोणाही माणसाच्या हातून होईल तसा.

"छान झालाय," ते म्हणाले, आणि कप तळापर्यंत प्यायले. घरात कोणी रागावलेलं नव्हतं. घरात कोणीच नव्हतं.