खंडेनवमीचं कुंकू

अंबड रोडवरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगवर ते यंत्र आलं दोन हजार सहा साली, परदेशी गिऱ्हाइकाच्या हट्टानं. कामावर कोणाचं काळीज बंद पडलं तर छातीवर दोन पट्ट्या चिकटवायच्या; झटका कधी द्यायचा ते यंत्रच सांगतं. मालक काकासाहेब खुशीत म्हणाले, "आता हितं मरायची सोय न्हाई कोणाला."

मुकादम रामकिसन पूजेला पक्का माणूस. खंडेनवमीला त्यानं वजनकाटा पुजला, पाने-हातोडे पुजले, मग यंत्राची पेटी उघडली. पट्ट्यांचं पाकीट बंद होतं.

"मुकादम, ते राहू द्या तसंच," फिटर बद्रीनाथ म्हणाला.

"अरे, पाकिटावरून केलेली पूजा देवाला पोचंल का?"

रामकिसननं पाकीट फाडलं, दोन्ही पट्ट्यांना हळदकुंकू वाहिलं आणि तशाच उघड्या जागच्या जागी ठेवल्या. सगळे हसले. बद्रीनाथही हसला. यंत्र शिकवायला आलेल्या माणसापुढं बसलेला तो एकटाच. त्यानं तरी हसायला नको होतं.

ऐन हंगामात, कापसाच्या ढिगावरून उतरताना रामकिसन कोसळला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला. बद्रीनाथ छाती दाबू लागला तर काकासाहेब ओरडले, "फासळ्या मोडशील त्याच्या!"

"मोडू द्या. पेटी आणा, जल्दी!"

पेटी आली. पट्ट्यांवरचा चिकट थर सुकून पापुद्रा झाल्ता. लावल्या की गळून पडायच्या. बद्रीनाथनं तळहातानं दाबून धरल्या. यंत्र इंग्रजीत एकच वाक्य बोलत राहिलं.

"काय म्हणून राह्यलं रे?" काकासाहेबांनी विचारलं.

"पट्ट्या चिकटवा म्हणतंय."

"मंग चिकटव की!"

रामकिसनची बायको दुर्गाबाई कापूस निवडायचं सोडून धावत आल्ती. तिनं पट्ट्यांवरचं ते कुंकू बघितलं.

जीप अंबडला पोचायच्या आत मुकादम गेला. काळ आल्ता, म्हणून सगळ्यांनी हिशेब मिटवला. दुर्गाबाईनं न्हाई.

पुढल्या खंडेनवमीला पेटीत नव्या पट्ट्या होत्या. काकासाहेब कुंकवाचं ताट घेऊन आले, तर पेटीपुढं दुर्गाबाई उभी. कपाळ मोकळं.

"बाजूला व्हा, दुर्गाबाई. पूजेत विधवा बाई बराबर दिसत न्हाई."

"म्हणून तर उभी राह्यले, मालक. मी हितं असल्यावर ताट हिकडं यायचं न्हाई."

ताट जागीच थांबलं. मग वजनकाट्याकडं वळलं.